आरोग्य अधिकाऱ्याची पात्रता : लिव्हरपूल ते मुंबई

सार्वजनिक आरोग्याचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे किमान शिक्षण किती असावे, हा प्रश्न वैद्यकाच्या दीर्घ इतिहासात बराच उशिरा विचारला गेला. रोगी आणि वैद्य यांच्या नात्यात त्याची निकड भासत नव्हती, कारण रोगी वैद्याकडे आपण होऊन जातो, गुण आला नाही तर वैद्य बदलतो आणि दिलेले औषध घ्यायचे की नाही हेही अखेर तोच ठरवतो. आरोग्य अधिकाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो न बोलावता दारात येतो, विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य ठरवून ती बुजवायला लावतो, घरमालकावर नोटीस बजावतो, प्रसंगी घरातला रोगी उचलून इस्पितळात नेतो, आणि यातले काहीही त्या घराच्या संमतीवर अवलंबून नसते. ज्याची निवड नागरिकाने केलेली नाही आणि ज्याला नकार देण्याची मुभाही नागरिकाला नाही, अशा माणसाच्या ज्ञानाची हमी शासनानेच घ्यायला हवी, हा विचार एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हळूहळू रुजला आणि १८८८ साली तेथील कायद्यात उतरला. मात्र त्याच राज्यकर्त्यांनी नऊच वर्षांनी हिंदुस्थानासाठी केलेल्या साथरोग कायद्यात त्याचा मागमूसही नव्हता. या दोन कायद्यांमधले अंतर मुंबई आणि पुणे या शहरांना महाग पडले. ते का पडले, हे कळण्यासाठी पात्रतेची अट मुळात कोणत्या गरजेतून जन्माला आली हे आधी पाहावे लागते.

इंग्लंडमधील कारखान्यांची शहरे ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने त्यांची गटारे वाढली नाहीत. एडविन चॅडविक यांनी १८४२ साली श्रमिकांच्या आरोग्यस्थितीविषयी सादर केलेल्या प्रसिद्ध अहवालात लिव्हरपूलमधील मृत्यूसमयीच्या सरासरी वयाचे आकडे आहेत : प्रतिष्ठित वर्गात ३५ वर्षे, व्यापारी वर्गात २२ आणि मजुरांत अवघी १५. या सरासरीत बालमृत्यूंचा वाटा फार मोठा आहे हे ध्यानात घेतले, तरी एकाच शहरात राहणाऱ्या माणसांच्या नशिबातली ही तफावत अंगावर येते. चॅडविक पेशाने वकील होते, आणि कुजणाऱ्या घाणीतून निघणारी दूषित हवा हेच रोगाचे मूळ आहे, हा त्या काळी बहुतेकांना मान्य असलेला सिद्धान्त त्यांनाही मान्य होता. साहजिकच उपायही त्यांना स्थापत्याच्या कक्षेतला वाटे : मुबलक पाणी, उताराची गटारे, वाहून जाणारा मैला. डॉक्टरांविषयी त्यांना फारशी आस्था नव्हती. म्हणजे आरोग्य अधिकाऱ्याचे शिक्षण कोणते असावे, या चर्चेच्याही आधी तो डॉक्टर असावा की नसावा, हाच मुद्दा निकालात निघायचा होता.

तो निकाल लिव्हरपूलने स्वतःपुरता दिला. या शहराने १८४६ साली ब्रिटिश संसदेकडून आपल्यासाठी खास आरोग्य कायदा करून घेतला आणि त्या कायद्याखाली १ जानेवारी १८४७ पासून डॉ. विल्यम हेन्री डंकन यांची ‘मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ’, म्हणजे वैद्यकीय आरोग्य अधिकारी, या पदावर नेमणूक झाली. ब्रिटनमधले हे असे पहिले पद. डंकन एडिंबरो विद्यापीठाचे एम.डी. होते आणि लिव्हरपूलच्या तळघरांत व बंदिस्त चौकांत राहणाऱ्या कुटुंबांची त्यांनी कित्येक वर्षे प्रत्यक्ष पाहणी केलेली होती. आरंभी त्यांना सालाना ३०० पौंड पगार आणि खाजगी व्यवसायाची मोकळीक होती. वर्षभरातच हे काम अर्धवेळ करण्यासारखे नाही हे उमजल्यावर १८४८ पासून ते पूर्णवेळ झाले आणि पगार ७५० पौंड ठरला. त्यांच्या जोडीला जेम्स न्यूलंड्स हे नगर अभियंता आणि थॉमस फ्रेश हे उपद्रव निरीक्षक होते. ‘उपद्रव’ हा इथे कायद्यातला शब्द आहे : साठलेला उकिरडा, तुंबलेली मोरी, घरात पाळलेली डुकरे असे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आरोग्याला बाधक असणारे जे जे काही, ते सारे त्यात मोडत असे. डॉक्टर, अभियंता आणि निरीक्षक अशी ही तिघांची घडण पुढे इतर अनेक नगरपालिकांनी उचलली. आयर्लंडमधील दुष्काळातून पळालेली लाखो माणसे १८४७ च्या त्या एकाच वर्षी लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरली आणि ज्वराची भयंकर साथ पसरली, तेव्हा या नव्या पदाची कसोटी पहिल्याच वर्षात लागली.

देशव्यापी कायद्याने मात्र बिचकत पाऊल टाकले. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक मंडळांना आरोग्य अधिकारी नेमण्याची परवानगी दिली, सक्ती केली नाही. अट एवढीच की तो कायद्याने मान्य झालेला वैद्यक व्यावसायिक असावा. त्याच वर्षी लंडनच्या मूळ नगराने जॉन सायमन या शल्यविशारदाची नेमणूक केली, १८५५ च्या कायद्याने राजधानीच्या उरलेल्या सर्व विभागांना असा अधिकारी नेमणे भाग पडले आणि १८७२ साली ही सक्ती इंग्लंड-वेल्समध्ये सर्वत्र लागू झाली. कागदावरची ही प्रगती प्रत्यक्षात फार लंगडी होती. ज्या मंडळाने अधिकारी नेमायचा, त्याच मंडळात गलिच्छ वस्त्यांतील घरांचे मालक आणि कर वाढू नये म्हणून जागता पहारा ठेवणारे दुकानदार बसलेले असत. तेव्हा गावातल्याच एखाद्या डॉक्टरला नाममात्र मानधनावर अर्धवेळ नेमायचे, म्हणजे कायदाही पाळला जातो आणि कोणाला नोटीसही जात नाही, ही युक्ती बहुतेक लहान गावांनी साधली. ज्या सभासदाच्या घरी तो डॉक्टर संध्याकाळी रोगी पाहायला जाणार, त्याच सभासदाच्या चाळीविरुद्ध त्याने सकाळी अहवाल लिहावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. १८७२ नंतर केंद्रीय शासनाने निम्मा पगार आपल्या तिजोरीतून देण्याचे मान्य केले आणि त्या बदल्यात नेमणुकीवर आपली संमती लागेल अशी व्यवस्था केली, ती या दुखण्यावरचा पहिला इलाज म्हणून.

दुसरा इलाज शिक्षणाचा होता. १८५८ च्या वैद्यक कायद्याने डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू झाली आणि वैद्यक शिक्षणावर देखरेख ठेवणारी परिषद अस्तित्वात आली. नोंदवहीत नाव असलेला माणूस डॉक्टर आहे एवढे आता खात्रीने सांगता येऊ लागले, पण तो विहिरीच्या पाण्याचे पृथक्करण करू शकतो का, मृत्यूंच्या आकड्यांतून साथीचा माग काढू शकतो का, गटाराचा उतार चुकला आहे हे त्याला ओळखता येते का आणि न्यायालयात टिकेल अशी नोटीस त्याला लिहिता येते का, या प्रश्नांना ती नोंदवही उत्तर देत नव्हती. रुग्णशय्येपाशी मिळवलेली विद्या आणि शहराच्या आरोग्याला लागणारी विद्या या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे हेन्री रमझी या चेल्टनहॅमच्या डॉक्टरांनी १८५० च्या दशकापासून चिकाटीने मांडले आणि त्या दुसऱ्या विद्येला ‘स्टेट मेडिसिन’, म्हणजे राज्यवैद्यक, हे नाव रूढ झाले. या विषयाची पदविका प्रथम डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १८७० च्या दशकाच्या अगदी आरंभी दिली. १८७५ मध्ये केंब्रिजने स्वच्छताशास्त्राची परीक्षा सुरू केली आणि मग इतर विद्यापीठे व वैद्यक महाविद्यालये त्या वाटेने गेली. हवा आणि पाणी यांचे रसायन, सूक्ष्मदर्शकाचा वापर, वायुवीजन, मलनिस्सारण, हवामान, साथींचा अभ्यास, जन्ममृत्यूची गणिते आणि आरोग्यविषयक कायदे असे या परीक्षांचे विषय असत. पुढे ‘डिप्लोमा इन पब्लिक हेल्थ’, म्हणजे ‘डी.पी.एच.’, या नावाने ती सर्वत्र ओळखली गेली, आणि केवळ पुस्तकी तयारी पुरेशी न मानता प्रयोगशाळेतील काम आणि एखाद्या कार्यरत आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखालची उमेदवारी या दोन्ही गोष्टी तिच्यासाठी आवश्यक ठरल्या. या शिक्षणाचे खरे मोल त्या उमेदवारीत होते, असे म्हणावे लागते. शहर कसे आजारी पडते हे वर्गात बसून कळत नाही.

१८८६ च्या वैद्यक कायद्याने ही पदविका डॉक्टरांच्या नोंदवहीत लावण्याची तरतूद केली आणि १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने निर्णायक पाऊल उचलले. १ जानेवारी १८९२ नंतर परगण्याचा, किंवा पन्नास हजार व त्याहून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्राचा, आरोग्य अधिकारी म्हणून नेमावयाच्या माणसाकडे वैद्यकाच्या पात्रतेशिवाय सार्वजनिक आरोग्याची नोंदलेली पदविका असलीच पाहिजे, असे या कायद्याने ठरवले. जुन्या लोकांचीही त्यात सोय होती : वीस हजारांहून कमी नाही अशा वस्तीच्या क्षेत्रात १८९२ च्या आधीची सलग तीन वर्षे ज्याने हेच काम केले असेल, किंवा केंद्रीय मंडळाकडे ज्याने तितकाच काळ वैद्यकीय अधिकारी वा निरीक्षक म्हणून काढला असेल, त्याला पदविकेवाचून चालणार होते. अनुभवाला शिक्षणाच्या बरोबरीने मोजणारी ही सवलत शहाणपणाची होती. तीमुळे नवा नियम आला म्हणून जाणती माणसे घरी बसली नाहीत आणि नव्याने येणाऱ्यांसाठी दार मात्र अरुंद झाले. डॉक्टरांपाठोपाठ निरीक्षकांचाही क्रम आला. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या सॅनिटरी इन्स्टिट्यूटने त्यांच्यासाठी परीक्षा सुरू केल्या आणि १८९१ च्या लंडनसाठीच्या आरोग्य कायद्याने १८९५ पासून तेथे प्रमाणपत्राशिवाय नवा निरीक्षक नेमता येणार नाही असे ठरवले.

इथवर इंग्लंडची वाटचाल आदर्श दिसते, पण तीत एक मोठी उणीव राहिली होती. पदविका मिळवलेला अधिकारी नेमणे नगरपालिकेला भाग पडले तरी त्याला काढून टाकणे अजून बऱ्याच ठिकाणी तिच्याच हाती होते, आणि रोजगार जाईल या भीतीने विद्वान माणूसही गप्प बसतो. केंद्रीय मंत्रालयाच्या संमतीशिवाय आरोग्य अधिकाऱ्याला बडतर्फ करता येणार नाही, ही हमी सर्वसाधारणपणे मिळायला १९२१ चा कायदा यावा लागला. पात्रता आणि नोकरीची सुरक्षितता या एकाच अटीच्या दोन बाजू आहेत. एक आधी आणि दुसरी तब्बल एक पिढी उशिरा आली, यात इंग्लंडमधील गरीब वस्त्यांचे फार नुकसान झाले.

मुंबईत आरोग्य अधिकाऱ्याचे पद इंग्लंडमधील बहुतेक गावांच्या आधी निर्माण झाले, ही गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ साली अहवाल दिला आणि त्यावरून पुढच्या वर्षी बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले. त्यानंतर १८६५ च्या मुंबई नगरपालिका कायद्याने आयुक्त, कार्यकारी अभियंता आणि कार्यकारी आरोग्य अधिकारी अशी रचना शहराला दिली. आर्थर क्रॉफर्ड हे आयुक्त आणि डॉ. टी. जी. ह्युलेट हे आरोग्य अधिकारी यांच्या काळात मृत्यूंची मोजदाद, गटारांची पाहणी आणि मैला वाहून नेणाऱ्या हलालखोरांच्या कामाची व्यवस्था यांना प्रथमच नियमित शिस्त लागली. कापसाच्या तेजीने फुगलेल्या, दाटीच्या चाळींनी भरलेल्या या शहरात विहारचे पाणी आले होते, पण ते वाहून नेणारी गटारे नव्हती. त्यामुळे पाणी आल्याने काही भागांतील जमीन उलट अधिकच दलदलीची झाली, आणि केवळ अभियंत्याच्या कामाने आरोग्य साधत नाही हे मुंबईने स्वानुभवाने शिकले.

मुंबईच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या पदावर आणि इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरच्या, म्हणजे आरोग्य आयुक्ताच्या, पदावर बसणारी माणसे प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून येत. ही मूलतः लष्करी वैद्यकसेवा होती. १८५५ पासून तिची भरती स्पर्धा परीक्षेने होई, पण परीक्षा लंडनमध्येच घेतली जाई, आणि निवड झालेल्यांना नेटली येथील लष्करी वैद्यक विद्यालयात एडमंड पार्क्स यांच्यासारख्या आरोग्यशास्त्राच्या नामांकित अध्यापकाचे शिक्षण मिळे. तेव्हा या अधिकाऱ्यांना आरोग्यशास्त्र ठाऊक नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे शिक्षण छावणीच्या आरोग्याचे होते, जिथे शिपाई हुकूम ऐकतो, बराकीची रचना नकाशाप्रमाणे असते आणि घरात बायकामुले, देवघर, सोवळेओवळे यांचा प्रश्न येत नाही. शहर ही छावणी नव्हे, हे त्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हते.

ज्यांना शहर माहीत होते अशा डॉक्टरांची मुंबईत वाण नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले होते आणि १८५१ साली बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. १८७८ पासून पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल चालू होते. परंतु वरच्या पदांची पात्रता विलायतेतील परीक्षेशी बांधलेली असल्यामुळे या मंडळींच्या वाट्याला बहुधा दुय्यम जागा येत, आणि इथे पात्रतेच्या अटीचे दुसरे, कुरूप रूप दिसते. इंग्लंडमध्ये जी अट अडाणी आणि मिंध्या माणसाला बाहेर ठेवण्यासाठी होती, तीच अट समुद्र ओलांडण्याचा खर्च आणि निर्बंध जोडले गेल्यावर येथे लायक माणसाला बाहेर ठेवू लागली. १८९० च्या दशकात मुंबईचे डॉ. के. एन. बहादुरजी यांनी काँग्रेसच्या व्यासपीठावरून वैद्यकसेवेतील या मक्तेदारीविरुद्ध आवाज उठवला तो याच कारणासाठी. शेजारच्या गोव्यातही चित्र फारसे वेगळे नव्हते : १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यक विद्यालयाचे पदवीधर पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींच्या आरोग्यसेवेत मोठ्या संख्येने राबले, तरी त्यांची पदवी लिस्बनच्या पदवीच्या तोडीची मानली जात नसे.

अशा स्थितीत प्लेग आला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागातील एका रुग्णाचा आजार हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. व्हिएगस हे गोव्यातील हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, मांडवीत दवाखाना चालवणारे डॉक्टर होते. वस्तीची नाडी ज्याच्या हाती असते त्यालाच साथ आधी दिसते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. ऑक्टोबरात नगरपालिकेने रुग्णांना सक्तीने हलवण्याचे अधिकार जाहीर केले, त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला आणि लाखो लोक शहर सोडून कोकणात, देशावर, गुजरातेत आपापल्या गावी गेले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने शासनाला साथ आवरण्यासाठी वाटेल ते नियम करण्याचे आणि ते अमलात आणण्यासाठी ‘कोणत्याही व्यक्तीला’ अधिकार देण्याचे सामर्थ्य दिले, आणि शेवटच्या कलमाने त्या व्यक्तीला सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल खटल्यापासून संरक्षणही दिले. ज्या इंग्लंडमध्ये पन्नास हजार वस्तीच्या गावाचा आरोग्य अधिकारी दोन दोन परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणाच्या विहिरीला हात लावू शकत नव्हता, त्याच इंग्लंडने आठ लाखांच्या मुंबईत घरात शिरण्याचा, माणसे अलग करण्याचा आणि सामान जाळण्याचा अधिकार कुणालाही देता येईल असा कायदा केला. मुंबईत मार्च १८९७ मध्ये नेमलेल्या प्लेग समितीचे अध्यक्ष ब्रिगेडियर जनरल गॅटेकर हे लष्करी अधिकारी होते आणि समितीच्या चार सदस्यांपैकी डॉक्टर एकच होता. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड हे मुलकी सेवेतील अधिकारी समितीचे प्रमुख झाले. हाताखाली लष्करी डॉक्टर असले तरी घरे तपासण्याचे काम गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांकडे होते, आणि मार्च ते मे या महिन्यांत पेठांमधून त्यांनी केलेल्या झडत्या, देवघरांत बुटांनी शिरणे, स्त्रियांची उघड्यावर होणारी तपासणी यांच्या तक्रारींनी शहर पेटले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी केलेल्या हल्ल्यात रँड जखमी झाले आणि ३ जुलै रोजी मरण पावले. हा इतिहास मराठी माणसाला राजकीय अंगाने पाठ आहे. आरोग्य प्रशासनाच्या अंगाने तो क्वचितच वाचला जातो. त्या अंगाने पाहिले तर पुण्यात जे घडले ते सुटलेल्या सत्तेचे फळ होते, आणि सत्ता सुटली कारण ती वापरणाऱ्याला काय येत असावे हे कायद्याने विचारलेच नव्हते.

पात्र डॉक्टर असते तर प्लेग आटोक्यात आला असता, असा दावा मात्र करता येत नाही. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवले, पण ते सर्वमान्य झाले परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या प्रयोगांनी. तोवर उत्तमोत्तम पदविकाधारकही गटारे धूत, चुना फासत आणि कपडे जाळत होते. पात्रता त्या त्या काळच्या ज्ञानापुढे जाऊ शकत नाही. शिकलेला अधिकारी एवढेच करू शकतो की आपला उपाय लागू पडत नाही हे आकड्यांवरून वेळेत ओळखतो आणि तो थांबवतो, आणि साथीच्या काळात हे थांबवणे पुष्कळांचा छळ वाचवते.

पात्रतेच्या आग्रहाची उलटी बाजूही याच परळमध्ये दिसली. प्लेगची लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन हे डॉक्टर नव्हते. ओडेसाच्या विद्यापीठातून प्राणिशास्त्राचा अभ्यास करून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवी कैद्यांवर तिची चाचणी घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पद सोडावे लागले आणि रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यानंतर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. वैद्यकाची पदवी नसलेला, परका, ज्यू माणूस म्हणून त्यांच्यावर संशय घेणे अनेकांना सोपे गेले. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. संशोधकाला पदवीची चौकट लावणे आणि लोकांवर सत्ता चालवणाऱ्याला ती लावणे यांत फरक आहे, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. प्रयोगशाळेतला माणूस कोणाच्या घरात शिरत नाही.

प्लेगच्या धक्क्याने सरकारचे धोरण बदलले. १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगाने आरोग्य खाते बळकट करण्याची शिफारस केली. मुंबईत १९०१ नंतर आरोग्य अधिकारी झालेले डॉ. जे. ए. टर्नर हे एम.डी. आणि डी.पी.एच. अशी दुहेरी पात्रता असलेले होते. नोव्हेंबर १९११ मध्ये पहिली अखिल भारतीय आरोग्य परिषद मुंबईतच भरली आणि १९१२ साली हिंदुस्थान सरकारने उपसॅनिटरी कमिशनर आणि नगरपालिकांचे आरोग्य अधिकारी यांच्या जागा मंजूर करून स्वच्छतेसाठी अनुदाने दिली. आता हवी तितकी माणसे विलायतेतून आणणे शक्य नव्हते, त्यामुळे पदविकेचे शिक्षण हळूहळू हिंदी विद्यापीठांत सुरू झाले. १९१९ च्या घटनात्मक सुधारणांनी आरोग्य हा विषय प्रांतांकडे गेला, आणि ३० डिसेंबर १९३२ रोजी रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या मदतीने कलकत्त्यात अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था उघडली, तेव्हा आरोग्य अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या हिंदी डॉक्टराला आपल्याच देशात पूर्ण शिक्षण मिळू लागले. निरीक्षकांची गरज मुंबईत १९२६ साली स्थापन झालेल्या ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ या नावाच्या शिक्षणसंस्थेने भागवली. महाराष्ट्रातील कित्येक नगरपालिकांत काम करणारे स्वच्छता निरीक्षक आजही तिची पदविका घेऊन येतात.

देशातील आरोग्यव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने प्रत्येक डॉक्टरच्या शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाला जागा द्यावी आणि उपचार व प्रतिबंध ही दोन्ही कामे एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रातून व्हावीत असे सुचवले. विचार उदात्त होता, पण परिणाम सर्वत्र चांगला झाला नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर महाराष्ट्रात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचे पद त्यांच्या रचनेत आले. मात्र त्याच्या हाताखालच्या केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याला बाह्यरुग्ण विभागातील रांग, बाळंतपणे, शवविच्छेदन आणि गावचे पाणी ही सगळी कामे एकट्याने उरकावी लागतात, आणि रांगेतला रोगी डोळ्यांसमोर असताना दिसत नसलेल्या साथीचा विचार मागे पडणे स्वाभाविक आहे. तमिळनाडूने वेगळा मार्ग धरला. १९३९ चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा आणि सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय त्या राज्याने टिकवून ठेवले, आणि तेथील आरोग्य अधिकाऱ्याला या विषयाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्वच राज्यांनी असा स्वतंत्र संवर्ग, म्हणजे निश्चित पात्रता आणि बढतीची स्वतंत्र साखळी असलेला सेवकवर्ग, निर्माण करावा अशी शिफारस केली आणि २०२२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांच्या सूचीतला विषय असल्यामुळे त्या स्वीकारण्याचा निर्णय राज्यांचा आहे.

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ महाराष्ट्रात आली, तेव्हा राज्य शासनाने जो कायदा लागू केला तो १८९७ चाच होता. त्याच वर्षी संसदेने त्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा ठरवली. साथ आवरण्याचे अधिकार शासन कोणाला देऊ शकते, हे सांगणाऱ्या कलमात मात्र ‘कोणतीही व्यक्ती’ हेच शब्द कायम आहेत.